मासिकातले संदर्भ प्रबंधातून काढून टाकावेत का?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि पीएच.डी. करते. १९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर गेलेल्या स्त्रिया हा माझा विषय आहे. आजवर जमवलेल्या संदर्भांत निम्म्याहून जास्त साप्ताहिकं, मासिकं आणि दिवाळी अंकांमधले लेख आहेत. मार्गदर्शक सरांनी यादी बघितली आणि म्हणाले, "मॅगझिनचे लेख काढा, जर्नलचे आणा." पण जर्नल कशाला म्हणायचं आणि मॅगझिन कशाला, हेच मला धड कळत नाही. काही अंकांवर त्रैमासिक असं छापलंय, काहींवर आयएसएसएन आहे, काहींवर काहीच नाही. इंग्रजी लेख वाचताना दमछाक होते. मराठीत दर्जेदार संशोधन छापलं जातं की नाही, अशीही शंका येऊ लागली आहे. त्यातच मोबाइलवर निरोप आलाय, की दोन हजार रुपये भरा, सात दिवसांत आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत पेपर छापून देतो. सहकारी म्हणतात, देऊन टाक एकदाचा. काय करू?

तुमचे सर चुकीचं सांगत नाहीत, आणि तरीही यादीतला एकही लेख तुम्ही एवढ्यात काढू नये असं मला वाटतं. मराठीतून इतिहास, साहित्य किंवा समाजशास्त्रात संशोधन करणाऱ्या बऱ्याच जणांना हा पेच पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरांची बाजू. समजा, एखाद्या दिवाळी अंकातल्या लेखात वाक्य आहे, की त्या उन्हाळ्यात निम्मा महाराष्ट्र खडी फोडत होता. वाक्य मनात ठसतं. तुम्ही ते प्रबंधात घेतलंत आणि खाली तळटीप दिलीत, तर परीक्षक विचारणारच, की लेखकाला हे कुठून कळलं? लेखात त्याचं उत्तर नसतं, कारण संपादकानेही लेखकाकडे ते मागितलेलं नसतं. प्रत्यक्षात मे १९७३मध्ये, कामांवरची गर्दी सगळ्यात जास्त होती तेव्हा, राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं कामावर होती. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या किंचित वर होती. म्हणजे दहा माणसांमागे एक. लहान मुलं आणि म्हातारी माणसं धरूनही दहात एक, हा आकडा पुरेसा हादरवणारा आहे, त्याला वाढवायची काही गरज नाही. आकडे, कारणं, योजनेचा परिणाम अशा गोष्टींसाठी लोकप्रिय नियतकालिकावर विसंबायचं नाही, एवढंच सरांना सांगायचं असावं.

आता त्याच लेखाकडे दुसरीकडून बघा. कामावर गेलेल्या बायकांविषयी १९७२-७३ साली काय लिहिलं जात होतं? मुंबई-पुण्याच्या वाचकापुढे त्या कशा उभ्या केल्या गेल्या? सुकडी (कामांवर वाटलं जाणारं पूरक खाद्य) आणि मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) यांबद्दल कुणी काय म्हटलं? पाझर तलावाच्या बांधावर पाटी वाहणाऱ्या बाईचा फोटो छापला, तेव्हा खाली तिचं नाव दिलं का नुसतंच "एक दुष्काळग्रस्त महिला" असं लिहिलं? यांची उत्तरं शोधपत्रिकांत, म्हणजे सर म्हणतात त्या जर्नलांत, मिळणार नाहीत. ती त्या वेळच्या साप्ताहिकांत आणि मासिकांतच आहेत. इथे दिवाळी अंकातलं ते "निम्मा महाराष्ट्र" वाक्यसुद्धा मोलाचं ठरतं, कारण लोकांना तो दुष्काळ केवढा वाटला होता ते त्यातून दिसतं. त्याच अंकात जाहिराती कशाच्या आहेत, दुष्काळाचा लेख कितव्या पानावर टाकलाय, लिहिणाऱ्यांत बाई एखादी तरी आहे का, हेही टिपून ठेवा.

म्हणून प्रत्येक संदर्भासमोर वहीत एक प्रश्न लिहा. लेखक सांगतो ते खरं आहे म्हणून मी हा लेख घेतेय, की लेखकाने त्या काळी तसं लिहिलं होतं हे दाखवायला घेतेय? पहिल्या कामासाठी तपासून छापलेला लेख हवा. दुसऱ्या कामासाठी मासिक, वर्तमानपत्र, सरकारी प्रचारपत्रिका, काहीही चालतं, आणि तिथे ते साधन ठरतं. इतिहासाच्या प्रबंधात संदर्भसूचीचे प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने असे दोन भाग करतात ते यासाठीच. तुमची यादी बहुधा सरसकट एकाखाली एक लिहिलेली असणार, आणि सरांना ती सगळी दुय्यम साधनं वाटली असणार.

ओळखायचं कसं, हा तुमचा मुख्य प्रश्न. ज्या खुणांकडे आपलं लक्ष आधी जातं त्या बहुतेक कुचकामी असतात. अंक किती दिवसांनी निघतो त्यावरून काही ठरत नाही. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आहे साप्ताहिक, पण त्यातले दीर्घ विशेष लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात. आयएसएसएन हा तर फक्त नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक आहे. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो आणि दर्जा तपासून दिला जात नाही. साधं मुखपृष्ठ म्हणजे विद्वत्ता आणि रंगीत मुखपृष्ठ म्हणजे करमणूक, हेही खरं नाही. इंग्रजीत आहे म्हणून शास्त्रीय, असं तर मुळीच नाही.

शोधायचं ते वेगळंच आहे: छापण्याआधी हा लेख कुणी वाचला आणि काय तपासायला वाचला? लोकप्रिय मासिकात संपादक वाचतो. लेख वाचनीय आहे का, वाचकाला त्यात रस वाटेल का, हे तो बघतो, आणि त्याच्या जागी ते योग्यच आहे. शोधपत्रिकेत संपादक तो लेख त्याच विषयात काम केलेल्या एक-दोन जणांकडे पाठवतो. पुष्कळदा लेखकाचं नाव झाकून पाठवतो. ते शंका काढतात, पुरावा मागतात, लेख परत जातो, सुधारून येतो, कधी नाकारला जातो. हे होतं की नाही ते अंकातच कळतं. मुखपृष्ठाच्या आतली पानं वाचा. संपादक मंडळात कोण आहेत, ती माणसं या विषयातली आहेत का, अंक कुठली संस्था काढते, लेखकांसाठी सूचना दिल्या आहेत का, परीक्षणाची पद्धत लिहिली आहे का? काही पत्रिका लेखाच्या शेवटी तो कधी मिळाला, कधी सुधारला, कधी स्वीकारला त्या तारखाही छापतात.

मग लेख वाचा. शोधनिबंधाचा लेखक आपल्याआधी या विषयावर कुणी काय म्हटलं ते सांगतो, त्यांच्याशी वाद घालतो, आपल्याला हे कशावरून कळलं ते दाखवतो आणि वाचकाला मागे जाऊन तपासता येईल अशी वाट ठेवतो. लोकप्रिय लेख प्रसंग सांगतो, माणसं उभी करतो, आणि माहिती कुठून मिळाली ते बहुधा सांगत नाही. तुमच्याकडच्या दोन लेखांची पहिली चार पानं शेजारी ठेवून वाचलीत, की फरक माझ्या सांगण्यापेक्षा लवकर लक्षात येईल.

एका अंकात सगळं एका दर्जाचं नसतं, हे मात्र विसरू नका. उत्तम शोधपत्रिकेतही संपादकीय असतं, पुस्तकपरीक्षणं असतात, पत्रं असतात, मृत्युलेख असतात. ते कुणी बाहेरच्याने तपासलेले नसतात. शिवाय एकच लेख दोन्ही कामांना येऊ शकतो. तुमच्याच विषयातलं उदाहरण देते. १९७३च्या फेब्रुवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त वुल्फ लादेजिन्स्की या शेतीप्रश्नाच्या अभ्यासकाचा महाराष्ट्रातल्या दुष्काळावर मोठा लेख आला होता. तो तुम्ही वाचायलाच हवा. पण वाचताना ध्यानात ठेवा, की तो दुष्काळ चालू असताना लिहिलेला आहे. तुमच्यासाठी तो अभ्यासकाचं विवेचनही आहे आणि त्या दिवसांची साक्षही. दोन्ही कामांना तो वापरता येईल, फक्त कुठे कशासाठी वापरलाय ते वाक्यात स्पष्ट करा.

आता मराठीत दर्जेदार काही आहे का, या शंकेबद्दल. ही शंका वाचून मला वाईट वाटलं. ती तुम्हाला का आली असेल ते कळतं, पण तिच्यामागचं गृहीतक मला मान्य नाही. लेख छापण्याआधी बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवायची पद्धत आज आपण पूर्वापार समजतो, पण ती सगळीकडे तितकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वर्तुळातून निघालेली पहिली विज्ञानपत्रिका १६६५ची. त्यानंतरही शतकानुशतकं बहुतेक निर्णय संपादकच घेत आले. 'नेचर'सारख्या पत्रिकेने सगळे शोधनिबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम पक्का केला तो १९७३ साली, म्हणजे तुमच्या विषयातल्या बायका बांधावर माती टाकत होत्या त्याच वर्षी. डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा प्रसिद्ध निबंध 'नेचर'ने अशा परीक्षणाशिवायच छापला होता. मग त्या काळातल्या मराठी मासिकावर परीक्षणाचा शिक्का नाही म्हणून त्याला खालचं का मानायचं?

मराठीत शोधपत्रिका आणि लोकप्रिय मासिक यांच्यामध्ये एक फार मोठा प्रदेश आहे, आणि आपलं पुष्कळसं गंभीर लेखन तिथेच झालंय. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. 'समाज प्रबोधन पत्रिका' घ्या, मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' घ्या. १९४८ साली साने गुरुजींनी सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आहे. शुद्ध संशोधनाकडे गेलात, तर भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आहे, मराठी संशोधन मंडळाची 'मराठी संशोधन पत्रिका' आहे. अर्थशास्त्रात मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे, तर पुण्याच्या गोखले संस्थेचं 'अर्थविज्ञान' १९५९पासून इंग्रजीत निघतंय. यांतली काही परीक्षण करणारी आहेत, काही वैचारिक आहेत, काहींचं स्वरूप काळानुसार बदललंय. म्हणून नियतकालिकाच्या नावावर निकाल देऊ नका. त्या त्या काळातला अंक उघडून बघा.

अशा मधल्या जागेतला लेख विश्वासाचा आहे का ते ठरवायची माझी एक साधी रीत आहे. त्याच्या तळटिपांपैकी कुठल्याही तीन घ्यायच्या आणि मूळ पुस्तक किंवा अहवाल काढून पडताळायच्या. तिन्ही ठिकाणी लेखकाने म्हटलंय तेच सापडलं, तर लेख निर्धास्त वापरा. एका ठिकाणी जरी मूळ मजकूर वेगळंच सांगत असला, तर बाकीच्या सगळ्या तळटिपा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. हीच रीत शोधपत्रिकेतल्या लेखालाही लावा. परीक्षण झालं म्हणजे लेख खरा, असं समजायचं कारण नाही. गोवरासह तीन आजारांवरची एकत्रित लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध १९९८मध्ये 'लॅन्सेट'सारख्या मान्यवर पत्रिकेत छापून आला होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं, आणि तोवर जगभरातल्या आईबापांच्या मनात भीती बसली होती.

इंग्रजीच्या दमछाकीवर उपाय एवढाच, की लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट सोडा. सारांश वाचा, मग शेवटचा भाग, मग तक्ते. आपल्या कामाचं काही आहे असं दिसलं, तरच मधला मजकूर. विषय एकच असल्याने शब्द तेच तेच येतात, आणि पाच-सहा लेखांनंतर वेग येतो.

आता तो दोन हजार रुपयांचा निरोप. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसावर काय दडपण असतं याची मला कल्पना आहे. मुलाखतीत "पेपर किती?" असं विचारतात, आणि तुमचे सहकारी काळजीपोटीच सांगताहेत. तरीही सांगते, तो पेपर देऊ नका.

पैसे मागितले एवढ्यावरून मी हे म्हणत नाही. काही चांगल्या पत्रिकाही लेखकाकडून शुल्क घेतात, कारण वाचकाला त्या अंक फुकट देतात. मला खटकतात ते सात दिवस. विषयातल्या दोन माणसांनी लेख वाचून, शंका लिहून पाठवून, तुम्ही तो सुधारून परत देईपर्यंत बहुतेक ठिकाणी काही महिने जातात. सात दिवसांत फक्त पैसे जमा होतात आणि पानं लावली जातात. त्यांचा एखादा जुना अंक मागवून बघा. एकाच अंकात मराठी कविता, रसायनशास्त्र, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण एकत्र आलंय का? संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना फोन करून विचारा, की आपलं नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे का. मुखपृष्ठावर "इम्पॅक्ट फॅक्टर" म्हणून मोठा आकडा असेल, तर तो कुणी दिला तेही बघा. पत्रिकेतल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो ते दाखवणारा हा आकडा; मूळ इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी ठरवते. त्याच्यासारखी नावं घेऊन आकडे विकणारे पुष्कळ निघाले आहेत. हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकासाठी जॉन बोहानन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट शोधनिबंध ३०४ पत्रिकांना पाठवला, आणि त्यांतल्या १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला.

"यूजीसी मान्यताप्राप्त" असं त्या निरोपात लिहिलं असेल, तर त्याचा आज अर्थ काय तेही समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१७मध्ये मान्य पत्रिकांची यादी काढली, आणि मे २०१८मध्ये त्यातल्या ४,३०५ पत्रिका वगळल्या. २०१९मध्ये पुणे विद्यापीठाच्या मदतीने तिच्या जागी 'केअर' ही पारखलेल्या पत्रिकांची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीही बंद केल्याचं आयोगाने जाहीर केलं, आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आली. दुसरी गोष्ट, २०२२च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलेला असण्याची सक्ती आयोगाने ठेवलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून तुमच्या नोंदणीच्या वर्षाला कुठला नियम लागू आहे, असा अर्ज संशोधन विभागाला द्या आणि उत्तर लेखी घ्या. कदाचित ज्या सक्तीच्या धास्तीने तुम्ही पैसे भरणार आहात, ती तुम्हाला लागूच नसेल.

सगळ्यात मोठं नुकसान पैशांचं नाही. तुम्ही जो मजकूर तिथे द्याल तो छापलेला ठरेल, आणि तोच पुन्हा चांगल्या पत्रिकेकडे पाठवता येणार नाही. कामावर गेलेल्या बायकांच्या मुलाखती तुम्ही घेतल्या असतील, तर त्या पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. त्या वेळी विशी-तिशीत असलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. तो ऐवज अशा ठिकाणी खर्च करू नका. एक प्रकरण नीट तयार करा, ज्या मराठी पत्रिकेकडे पाठवायचं तिचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक चाळा आणि लेख पाठवा. नकार आला तरी परीक्षकांचे शेरे हाती येतात, आणि प्रबंधाला त्यांचा उपयोग होतो.

सरांकडे परत जाण्याआधी यादी दोन भागांत लिहून काढा. पहिल्या भागात साप्ताहिकं, मासिकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल आणि मुलाखती. दुसऱ्यात अभ्यासकांचे ग्रंथ आणि शोधनिबंध. दुसरा भाग तोकडा दिसेल, आणि तो वाढवायलाच हवा, हे सरांचं म्हणणं तिथे मान्य करा. पहिल्या भागाबद्दल सांगा, "सर, हे लेख मी आधार म्हणून घेतलेले नाहीत, त्या काळात काय लिहिलं गेलं त्याचा पुरावा म्हणून घेतलेत." त्यातला एखादा लेख सोबत न्या आणि त्यावरून प्रबंधात काय लिहिणार आहात तो परिच्छेदही दाखवा. नुसत्या तोंडी चर्चेत असे मुद्दे निसटतात. ज्या झेरॉक्सवर नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक आणि पान नाही, ती प्रत घेऊन पुन्हा ग्रंथालयात जा आणि नोंद पूर्ण करा. यापुढे लेखाच्या झेरॉक्सबरोबर मुखपृष्ठाचा आणि आतल्या पहिल्या पानाचाही फोटो काढत जा.

आणखी एक सुचवते. या बायकांवर एक लेख लोकप्रिय साप्ताहिकासाठीही लिहा. मुलाखतीत पेपरांच्या यादीत तो धरला जाणार नाही, पण ज्या घरांतल्या आया-आज्या त्या कामांवर होत्या तिथे तो वाचला जाईल. त्यातून कुणाचं पत्र येईल, कुणी जपून ठेवलेलं मजुरीचं कार्ड दाखवेल, कुणी अजून हयात असलेल्या बाईचा पत्ता देईल. मुलाखतींचा मुख्य ऐवज मात्र शोधनिबंधासाठी राखून ठेवा. लेखात फोटो देणार असाल, तर खाली त्या बाईचं नाव घाला, आणि छापण्याआधी तिला किंवा तिच्या घरच्यांना तो मजकूर वाचून दाखवून परवानगी घ्या.